घरच्या लार्डच्या नेहमीच्या तक्रारी: वास, खवटपणा, रवा आणि बिघडलेली पारी

घरी कढवलेल्या लार्डबद्दलच्या, म्हणजे डुकराच्या चरबीबद्दलच्या, तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. भाजलेल्या पदार्थाला मांसाचा वास येतो. दोन महिन्यांत बरणी खवट होते. तळताना फेस धरतो. पाय (pie) या सारण भरून भाजलेल्या पदार्थाची पारी कधी चिवट होते, तर कधी नुसती तेलकट. मग दोष पाककृतीला जातो आणि मोहनाचं प्रमाण कमीजास्त करून पाहिलं जातं. पण बहुतेक वेळा गडबड त्याआधीच, चरबी कढवताना झालेली असते आणि तिची कारणंही दोनच: लार्डमध्ये पाणी उरलं, नाहीतर आच जास्त लागली. म्हणून आधी बरणी तपासा, पिठाकडे नंतर वळा.

तपासणी पाच मिनिटांची आहे. दोन चमचे लार्ड छोट्या कढल्यात मंद आचेवर वितळवा. तडतड आवाज येऊन शिंतोडे उडाले तर त्यात पाणी आहे. वितळल्यावर काचेच्या पेल्यात ओतून उजेडापुढे धरा. चांगलं लार्ड फिकट पिवळसर आणि आरपार दिसतं. गढूळ दिसलं तर पाणी किंवा मांसाचे बारीक कण राहिलेत. तपकिरी झाक असेल तर तळ लागला होता. वास मात्र लार्ड कोमट असतानाच घ्या. फ्रीजमधून काढलेल्या थंड लार्डचा वास घेऊन काहीही कळत नाही, आणि तीच बरणी ओव्हनमध्ये गेली की घर भरून टाकते.

वास कोणता, त्यावर उपाय ठरतो

भाजलेल्या मांसाचा वास सगळ्यात जास्त आढळतो आणि त्यावर उपायही आहे. चरबीला चिकटलेलं मांस, रक्त आणि कातडी नीट काढली नाही आणि वर आच वाढली, की ते कण भाजतात आणि त्यांची चव चरबीत उतरते. असं लार्ड खराब नसतं. तळायला, फोडणीला, भाज्या परतायला ते उत्तम. गोड पदार्थाला मात्र चालत नाही.

आंबूस वास आला तर बरणीच्या तळाशी पाहा. तिथे जेलीसारखा थर दिसेल. कातडी आणि पडद्यांतून सुटलेलं जिलेटिन पाण्यासकट खाली बसतं आणि तेच नासतं. थर पातळ असेल, बरणी फ्रीजमध्येच राहिली असेल आणि वास अगदी नुकता लागला असेल, तर वरचं लार्ड काढून पुन्हा कढवता येतं. बुरशी दिसली, किंवा ओलं लार्ड बरेच दिवस बाहेर राहिलं असेल, तर वाचवत बसू नका.

खवट वास जुन्या शेंगदाण्यांना येतो तसा, घशात खवखवणारा. हे हवेतल्या ऑक्सिजनचं काम आहे, जंतूंचं नाही. धुऊन, कढवून, बटाट्याच्या चकत्या तळून किंवा सुगंध घालून खवटपणा जात नाही. तो झाकला जातो, तोही थोडा वेळ. असं लार्ड खाण्यातून बाद करा. वास अगदी कोवळा असेल तर साबणाला चालतं.

चौथा वास घामासारखा, लघवीसारखा असतो आणि लार्ड तापलं की भसकन वर येतो. खच्ची न केलेल्या, वयात आलेल्या नर डुकराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल साठतात, त्यांचा हा वास. दोन्ही द्रव्यं चरबीत विरघळणारी, त्यामुळे पाण्याने धुण्याचा फारसा उपयोग होत नाही. गंमत अशी की अँड्रोस्टेनोनचा वास काही लोकांना येतच नाही, त्यामुळे एकाच घरात एक जण नाक मुरडतो आणि दुसऱ्याला काहीच जाणवत नाही. चरबी घेतानाच नखाएवढा तुकडा तव्यावर तापवून दोघातिघांनी वास घ्यावा. नंतर करण्यासारखं काही उरत नाही.

मांसाचा वास घालवण्यासाठी धुणं

1 किलो लार्डला 1 लीटर पाणी आणि 1 मोठा चमचा मीठ घ्या. पातेलं असं घ्या की निम्म्याहून जास्त भरणार नाही. मंद आचेवर लार्ड वितळू द्या आणि पाणी जेमतेम उकळत असताना 10 ते 15 मिनिटं अधूनमधून ढवळा. दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळून पसरट भांड्यात ओता, गार होऊ द्या आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर लार्डची घट्ट चकती आणि खाली गढूळ पाणी मिळेल. चकती उलटी करून खालचा करडा, बुळबुळीत थर सुरीने खरवडून टाका. हा थर ठेवून पुढे गेलात तर धुणं फुकट. वास उरला असेल तर पुन्हा करा. तीन वेळा धुऊनही वास गेला नाही तर चौथ्यांदाही जाणार नाही. शेवटचं धुणं नुसत्या पाण्याने करा, कारण मागे राहिलेलं मीठ खवटपणाला मदत करतं.

यापुढची पायरी हमखास चुकते. धुतलेलं लार्ड ओलं असतं. ते तसंच बरणीत भरलं तर वास गेला, पण आयुष्यही गेलं. पुन्हा मंद आचेवर ठेवून तापमान 105 ते 110 अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथेच ठेवा. बुडबुडे थांबले की पाणी संपलं, याहून सोपी खूण नाही.

मुळात कढवताना

चरबी कुठली आहे यावर अर्धं काम ठरतं. पोटाच्या पोकळीतली, गुर्द्यांभोवतीची चरबी सर्वात कठीण, पांढरी आणि सौम्य. पारी आणि गोड पदार्थ यांच्यासाठी तीच राखून ठेवा. पाठीची चरबी थोडी मऊ, स्वयंपाकाला आणि पावाला योग्य. आतड्यांच्या जाळीची चरबी वासाला उग्र असते, ती पहिल्या दोन्हींत मिसळू नका. सगळी एकत्र कढवली की सगळ्याला जाळीचा वास लागतो. बरणी फार मऊ राहत असेल तर जनावराचं खाणंही बघा. सोयाबीन, शेंगदाणा असं तेलकट खाद्य जास्त मिळालेल्या डुकराची चरबी मऊ निघते आणि लवकर खवटते.

कच्ची चरबी उबेत पडून राहू देऊ नका. चरबीच्या पेशींतली विकरं (एन्झाइम) चरबी फोडतच असतात आणि त्यातून सुटी मेदाम्लं (फॅटी ॲसिड) तयार होतात. त्यांचा परिणाम महिन्यांनी दिसतो: लार्ड तळताना लवकर धुरायला लागतं. मग कढईला दोष दिला जातो. त्याच दिवशी कढवायचं नसेल तर थेट फ्रीझरमध्ये टाका.

कढवायच्या दिवशी चरबी अर्धवट गोठलेलीच कापा. मऊ चरबी सुरीखाली सरकते आणि मांस नीट सुटत नाही. लालसर भाग, रक्ताच्या गाठी, कातडी काढा. 1 सेंटीमीटरचे तुकडे करा किंवा मोठ्या भोकांच्या जाळीतून यंत्रावर दळा. दळलेली लवकर वितळते आणि लार्ड जास्त निघतं, पण बारीक कण गाळताना त्रास देतात. चांगल्या साफ केलेल्या 1 किलो चरबीतून साधारण 700 ते 850 ग्रॅम लार्ड मिळतं. फारच कमी निघालं तर बहुधा तुकडे मोठे होते किंवा घाई झाली.

जाड बुडाचं स्टीलचं किंवा इनॅमलचं पातेलं घ्या. तांब्यापितळेचं नको. तांब्याचा अंशही चरबी खवटण्याचा वेग वाढवतो. 3 किलो चरबीला तळाशी 1 कप पाणी घाला, म्हणजे पहिला रस सुटेपर्यंत तळ लागत नाही. आच अगदी मंद. पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपास रेंगाळतं. पाणी उडालं की चढायला लागतं आणि इथेच लक्ष हवं, कारण 100 ते 120 हा प्रवास झपाट्याने होतो. 115 ते 120 ला थांबायचं. थर्मामीटरचं टोक तळाला टेकवू नका, नाहीतर खोटा आकडा मिळतो. थर्मामीटर नसेल तर तुकड्यांकडे पाहा. आधी ते तरंगतात, ओलावा संपत आला की तळाशी बसायला लागतात. बसले की मिनिटामिनिटाला ढवळा, कारण करपतात ते हेच.

ओव्हन असेल तर 110 ते 120 अंशांवर झाकण न लावता ठेवणं जास्त सोयीचं. आच सगळीकडून सारखी लागते आणि तळ लागण्याची भीती जवळजवळ नसते. दर अर्ध्या तासाने ढवळलं की पुरे.

सगळं लार्ड एकदम काढायची घाई करू नका. तुकडे अजून पांढरट असतानाच वर आलेलं स्वच्छ लार्ड डावाने काढून गाळून घ्या. हे पहिल्या प्रतीचं, भाजायचं लार्ड. उरलेलं कढत राहू द्या. शेवटी बेरी, म्हणजे कढून उरलेले तुकडे, दाबून पिळून जे निघेल ते पिवळट आणि चवीला भारी असतं, त्याची बरणी वेगळी करा आणि त्यावर ‘तळण’ असं लिहा. पिळलेला भाग पहिल्या बरणीत ओतण्याचा मोह हे पाय आणि केकला मांसाचा वास येण्याचं मोठं कारण आहे.

कढवताना सोडा घालण्याचा सल्ला जुना आहे. तो सुट्या मेदाम्लांशी मिळून थोडासा साबण करतो आणि पुढे तळताना तोच फेस धरतो. घालू नका.

बरणीतला रवा, खड्डा आणि टिकाऊपणा

लार्ड रवाळ झालं म्हणजे बिघडलं नाही. हळू गार झालं की त्याचे स्फटिक मोठे होतात, एवढंच. तळणाला काही फरक पडत नाही, पण पारी करताना कणीदार लार्ड पिठात सारखं मिसळत नाही. रवा घालवायचा तर 60 ते 70 अंशांपर्यंत तापवून पूर्ण वितळवा. अर्धवट वितळवलं तर उरलेले स्फटिक पुन्हा तशीच रवाळ घडण बसवतात. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळा. पातेल्यात बाहेरच्या पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. दुधाळ होऊन घट्टसर मलईसारखं झालं की लगेच बरणीत भरून फ्रीजमध्ये.

मधोमध खड्डा किंवा चीर पडणं स्वाभाविक आहे, लार्ड थिजताना आकसतं. पण त्या पोकळीत हवा असते, म्हणून जास्त दिवस ठेवायच्या बरणीत वरून चमचाभर वितळलेलं लार्ड ओतून ती बुजवा. बरण्या लहान घ्या, कोरड्या ठणठणीत करून किंचित गरम ठेवा आणि काठोकाठ भरा. मोठी बरणी रोज उघडली की रोज नवी हवा आत जाते. उजेडानेही खवटपणा येतो, तेव्हा काचेची बरणी असेल तर कागद गुंडाळा.

कोरडं, नीट गाळलेलं लार्ड फ्रीजमध्ये सहा महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभर आरामात जातं. बाहेर ठेवायचं असेल तर थंड जागी आणि लवकर संपेल इतकंच. लार्डमध्ये खवटपणा रोखणारी नैसर्गिक द्रव्यं फारच कमी असतात. कारखान्याच्या डब्यात ती वरून घातलेली असतात, म्हणून तो डबा टिकतो आणि घरचं तसं टिकत नाही. इथे तुमच्या हाताला दोष नाही.

गरम लार्ड ओतून झाकण घट्ट बसलं, मध्ये खोलगट ओढलं गेलं, म्हणजे बरणी निर्जंतुक झाली असं मात्र समजू नका. आत हवा नाही, पण ओलावा आणि मांसाचे कण असतील तर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना तशीच जागा लागते. लसूण, कांदा, ताजी पानं घातलेलं लार्ड याच कारणाने कधीही बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवून तीनचार दिवसांत संपवा.

पारी चिवट, तेलकट, फिकट

लार्ड ठीक निघालं, तरी पारी बिघडते. लोण्याच्या पाककृतीत ग्रॅमला ग्रॅम लार्ड घालणं, हे पहिलं कारण. लोण्यात साधारण 80 ते 82 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. लार्ड जवळपास पूर्ण स्निग्ध. म्हणून 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 80 ग्रॅम लार्ड, 15 मिलिलीटर पाणी आणि लोणं खारं असेल तर चिमूटभर मीठ. न बदलता घातलं तर पारी भुगाभुगा होते आणि भाजताना थाळीत तेल सुटतं.

पापुद्र्यांच्या पारीचं भरवशाचं प्रमाण असं: मैदा 250 ग्रॅम, लार्ड 100 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, बर्फाचं पाणी 60 ते 70 मिलिलीटर. लार्डचे तीन भाग करा. दोन भाग पिठाला बोटांनी चोळा, रव्यासारखं दिसेपर्यंत. पिठाच्या कणांवर चरबीचा लेप बसला की पाणी आत शिरायला वेळ लागतो, ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी बनतं आणि पारी खुसखुशीत होते. तिसरा भाग वाटाण्याएवढे तुकडे ठेवून घाला. हे तुकडे लाटताना चपटे होतात आणि भाजताना त्यांच्या जागी पापुद्रे सुटतात. सगळंच लार्ड चोळून टाकलं तर खुसखुशीत होईल, पण पापुद्रा येणार नाही.

चिवट पारीचा गुन्हेगार पाणी. ते एकदम ओतू नका. 50 मिलिलीटर शिंपडून मूठ आवळून पाहा. गोळा धरत असेल आणि कडेला थोडा सुटत असेल तर पुरेसं झालं. गोळा मळायचा नाही, नुसता एकत्र दाबायचा. 45 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मगच लाटा. न थांबता लाटलेली पारी साच्यात घातल्यावर कडेकडेने आकसते. उरलेल्या कडा गोळा करून पुन्हा लाटल्या की त्या चिवट होणारच, त्या वरच्या सजावटीला वापरा.

उन्हाळ्यात किंवा गरम स्वयंपाकघरात लार्ड हातावर लवकर मऊ पडतं. वाटाण्याएवढे तुकडे लाटायच्या आधीच पिठात मुरले की पापुद्रे संपले. लार्ड कापून 20 मिनिटं फ्रीझरमध्ये आणि मैदाही वाडग्यासकट फ्रीजमध्ये ठेवा. गोळा चकचकीत दिसू लागला, हाताला तेल लागू लागलं, की काम थांबवून परत फ्रीजमध्ये. पीठ भुरभुरवून ही चूक झाकता येत नाही.

हे सगळं जमण्यासारखं नसेल तर उलटा मार्ग धरा. मैदा 450 ग्रॅम, लार्ड 150 ग्रॅम, पाणी 180 मिलिलीटर आणि मीठ दीड छोटा चमचा. लार्ड आणि पाणी एकत्र उकळवून मिठासह मैद्यात ओता, चमच्याने कालवा आणि हात लावण्याइतकं निवलं की मळून गरम असतानाच साच्यावर चढवा. पापुद्रे येत नाहीत, पण भिंती उभ्या राहतात आणि खारं, मांसाचं सारण छान धरतात. तडे गेले तर पीठ गार झालंय. ओल्या फडक्याखाली झाकून किंचित गरम करा.

ओव्हन कमी तापलेला असेल तर पिठाची घडण पक्की होण्याआधीच लार्ड वाहून जातं. 210 ते 220 अंशांवर पहिली 15 मिनिटं, मग 180 ते 190. रसाळ सारण असेल तर खालची पारी आधी वजन ठेवून रिकामीच भाजून घ्या. रंग फिकट येतो कारण लोण्यातले दुधाचे घटक लार्डमध्ये नसतात. अंडं किंवा दूध लावा, किंवा पिठात एक छोटा चमचा साखर घाला. रंगासाठी जास्त वेळ भाजत बसू नका.

केक बसका होण्याचं कारण वेगळं आहे. लार्डचे मोठे स्फटिक साखरेबरोबर फेसताना हवा नीट धरत नाहीत. निम्मं लोणं मिसळा आणि 20 ते 22 अंशांवर फेसा. नाहीतर अंडी आणि साखर वेगळी फेटा आणि लार्ड वितळवून शेवटी घाला. कितीही वेळ फेसलं तरी नुसतं लार्ड लोण्यासारखं फुलत नाही.

पावाची फारशी तक्रार नसते. 500 ग्रॅम पिठाला 10 ते 15 ग्रॅम, मळणं अर्धं झाल्यावर घाला.

तळताना धूर आणि फेस

ताजं, स्वच्छ लार्ड 190 अंशांच्या आसपास धुरू लागतं, तेव्हा तळण 170 ते 180 मध्येच ठेवा. नवी बरणी त्याआधीच धुरत असेल तर कच्ची चरबी उबेत राहिली होती किंवा बेरीचे कण गाळायचे राहिलेत. गाळून पाहा. तरी धुरलं तर ते लार्ड परतायलाच वापरा.

मोठे, आवाज करणारे बुडबुडे पदार्थातल्या पाण्याचे असतात आणि पदार्थ काढला की बसतात. बारीक, दाट, पदार्थ काढल्यावरही न बसणारा फेस आला की लार्ड संपलं. चिकटपणा आणि काळसर रंगही सोबत येतोच. प्रत्येक तळणानंतर कोमट असतानाच फडक्यातून गाळा आणि तळणाचं लार्ड भाजायच्या बरणीत कधी परत ओतू नका. मीठ पदार्थाला तळून झाल्यावर लावा.

लार्ड पेटलंच तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी ओतलं की भडका वर उडतो. टाकून द्यायचं लार्ड थिजू द्या आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. मोरीत ओतलं तर ते पाइपमध्ये थिजतं, आणि वरून सोडलेलं गरम पाणी तुंबलेलं लार्ड फक्त चार हात पुढे ढकलतं.